न मागितलेला कागद

माझ्या नवऱ्याकडे एक निळी फाइल आहे. तो पुण्याहून अमेरिकेत आला तेव्हा कुकर चेक-इन बॅगेत होता आणि फाइल छातीशी धरलेली होती, यावरून काय ते समजा. तिच्यात त्याची दहावीची मार्कशीट आहे, लॅमिनेट केलेली. डोमिसाइल आहे, शाळा सोडल्याचा दाखला आहे, कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र आहे, आणि त्याच्या आईवडिलांच्या गॅस कनेक्शनच्या पुस्तकाची झेरॉक्सही आहे. पेनसिल्व्हेनियात पुण्याच्या गॅसच्या पुस्तकाचं काय काम, असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. "असू दे यार, कधी कोण काय मागेल सांगता येत नाही," असं उत्तर मिळालं.

त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. खिडकीपलीकडचा माणूस नेमका तोच कागद मागतो जो आपण घरी ठेवून आलेलो असतो, हे बाळकडू आपल्या सगळ्यांनाच मिळालेलं आहे. म्हणून एक मागितला की चार जोडायचे, आणि चारही अटेस्टेड. ही सवय घेऊन आपण अशा देशात येतो जिथे एक मागितला म्हणजे खरोखरच एक हवा असतो. या सवयीपायी माझी पीएचडी जाता जाता राहिली.

आम्ही दोघंही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करतो. तो स्टॅटिस्टिक्समध्ये, मी बुरशीत. झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशीवर माझं काम आहे, पण माहेरी नागपुरात हे सांगायला गेलं की "बुरशी" या शब्दानंतर पुढचं कोणी ऐकत नाही. सासूबाईंच्या मते बुरशी ही लोणच्यावरून काढून टाकायची गोष्ट आहे आणि त्यासाठी विमानाने एवढं लांब जायची गरज नाही. मुलगी दोन वर्षांची, इथेच जन्मलेली.

ती झाली तेव्हा मी डे-केअरची फी विचारायला गेले होते. आकडा ऐकून मी "वर्षाची का?" असं विचारलं. महिन्याची होती. आमच्यापैकी एकाची अख्खी स्टायपेंड तिथे ओतली असती तरी वर थोडं देणं राहिलंच असतं. तिथल्या बाईंना माझ्या चेहऱ्याची सवय असावी. त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्रक काढलं आणि सांगितलं, सरकारी मदत मिळते, बघा बसताय का.

बसायचं कशात, तर नियमात. आई आणि बाप दोघंही ठरावीक तास काम करत असले पाहिजेत, आणि कुटुंबात जितकी माणसं त्या हिशेबाने उत्पन्न एका रेषेच्या खाली असलं पाहिजे. आता आपलं सगळं आयुष्य उत्पन्न कुठल्या ना कुठल्या रेषेच्या वर नेण्यात गेलेलं. लग्न ठरवताना तर आमच्याकडे नवऱ्या मुलाचा पगार चक्क फुगवून सांगितला जातो. इथे मात्र पहिल्यांदाच कमी पगार ही आमची पात्रता ठरली. दोघांच्या स्टायपेंड मिळून त्या रेषेच्या जेमतेम खाली येत होत्या. त्या मदतीच्या ऑफिसातल्या बाईंनी "अभिनंदन" म्हटलं तेव्हा मी थँक यू म्हणाले, आणि बाहेर आल्यावर आपण नेमकं कशाबद्दल थँक यू म्हणालो ते लक्षात येऊन पार्किंग लॉटमध्ये एकटीच हसत बसले. मला त्या पैशांची अजिबात लाज वाटली नाही. आमचेही टॅक्स कापले जात होते आणि माझी बुरशी काही या देशाची दुश्मन नव्हती.

नवऱ्याला मात्र लाज वाटली, आणि भीतीही. आधी ग्रीन कार्डची, की सरकारी मदत घेतली म्हणून पुढे ते नाकारतील. त्यावर ऑफिसच्या बाईंनी समजावलं की ही मदत मुलीच्या नावावर आहे, तुमच्या नाही, आणि मुलगी नागरिक आहे. म्हणजे घरातली एकुलती एक नागरिक डायपर घालते आणि आम्ही दोघं तिच्या पदराखाली. मग लोकांची भीती. लोक म्हणजे गावातली मोजकी मराठी कुटुंबं, जी एकमेकांच्या फ्रीजमध्ये काय आहे तेही ओळखून असतात. तुम्हाला डे-केअर परवडतं कसं, असं पहिल्याच गणपतीत कोणीतरी विचारलं आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "आमच्या डिपार्टमेंटची चाइल्डकेअर फेलोशिप आहे." अशी फेलोशिप जगात नव्हती. मी मोदक खात होते, तोंड भरलेलं होतं, मी काही बोलले नाही.

दरवर्षी पात्रता पुन्हा तपासतात. त्या वर्षी त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या: अलीकडच्या पगाराच्या पावत्या आणि कामाच्या तासांचं पत्र. फाइल नवऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे कागद त्याने लावले. आणि मागे आमच्या जॉइंट अकाउंटची सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स जोडली. रंगीत प्रिंट काढून. स्टायपेंडच्या ओळींवर हिरवा हायलायटर मारून.

"हे मागितलंय कुठे?" मी म्हणाले.

"असू दे. इम्प्रेशन चांगलं पडतं."

पडलं. पंधरवड्यात ऑफिसचा फोन आला की प्रत्यक्ष येऊन भेटा. त्याचं लेक्चर होतं, मी एकटी गेले. ऑफिस एका पिझ्झाच्या दुकानाला लागून होतं, त्यामुळे आत सतत भाजलेल्या चीजचा वास. समोरच्या बाई या वेळी नवीन, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवलं. त्यावर त्यांनीही हायलायटर मारला होता, पिवळा.

जानेवारीतल्या एकाच आठवड्यात आमच्या खात्यात एकसारख्या रकमा आल्या होत्या, नऊ वेगवेगळ्या बायकांकडून. मी पाहिलं आणि मला हसूच आलं. ती आमची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिने सगळा गोळा उचलायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी चिठ्ठी निघाली होती आणि त्यातून आमच्या गाडीचा गिअरबॉक्स झाला होता. आमच्या भिशीत रोख चालत नाही, सगळ्या जणी अ‍ॅपवरून थेट पाठवतात. आणि ते अ‍ॅप दर वेळी विचारतं, पैसे कशासाठी? तिथे काहीतरी लिहावंच लागतं. आता गावातल्या उच्चशिक्षित मराठी बायकांना रिकामी चौकट दिली तर त्या काय लिहिणार? "किडनी, पहिला हप्ता." "तोंड बंद ठेवण्याबद्दल." "नवऱ्याची सुपारी, अ‍ॅडव्हान्स." सगळं स्वच्छ इंग्रजीत, स्टेटमेंटवर छापलेलं.

"किडनी हा विनोद आहे, असं मी धरून चालते," बाई म्हणाल्या.

"हो, अगदी."

"आणि हे नवऱ्याचं?"

"तोही. अजून तरी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बोट खाली नेलं. तिथे लिहिलं होतं, "बेबीसिटिंग." त्याच्याखालच्या ओळीत, "टिफिन."

माझं हसू तिथे थांबलं. किडनीवर कुणाचा विश्वास बसत नाही, पण बेबीसिटिंग ही इथे रोज घडणारी गोष्ट आहे. त्यांच्या दृष्टीने मी घरी लोकांची मुलं सांभाळत होते, डबे करून विकत होते आणि ते उत्पन्न लपवत होते. ते धरलं तर आम्ही रेषेच्या वर जात होतो. बेबीसिटिंगची खरी कथा अशी, की हळदीकुंकवाच्या दिवशी एका मैत्रिणीला दोन्ही हातांनी गुळाची पोळी खाता यावी म्हणून मी तिचं बाळ मांडीवर घेतलं होतं. त्या बाळाने माझ्या साडीवर ओकून मोबदला तिथल्या तिथे चुकता केला होता.

मी भिशी समजावून सांगितली. व्याज किती, त्यांनी विचारलं. नाही. करार? नाही. मग कोणी पैसे घेऊन पुढच्या महिन्यात द्यायचेच बंद केले तर? मी म्हणाले, तसं झालं तर तिला गाव सोडावं लागेल. बाईंनी हे लिहून घेतलं की नाही माहीत नाही.

"हे स्टेटमेंट आम्ही मागितलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण आता मी ते पाहिलंय. पाहिलंच नाही असं मला करता येत नाही." पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकीकडून सहीचं पत्र हवं होतं, की हा मजुरीचा मोबदला नाही, आणि पत्र कोणत्या ऑफिससाठी, कोणत्या मदतीसाठी आहे हेही त्यात लिहायचं होतं. महिनाअखेरपर्यंत नाही आलं तर मदत बंद.

मदत बंद म्हणजे डे-केअर बंद. डे-केअर बंद म्हणजे दोघांपैकी एक जण घरी. हे मी बसमध्ये बसून विचारपूर्वक मांडलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो मुलीला वरण-भात भरवत होता. ऐकता ऐकता त्याचा चमचा हवेत राहिला आणि लेकीने तोंड उघडं ठेवून वाट पाहिली.

"म्हणजे सगळ्यांना सांगावं लागेल," तो म्हणाला. "काकूंनासुद्धा?"

काकू म्हणजे आमच्या भिशीच्या सर्वेसर्वा. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्याच डिपार्टमेंटमध्ये प्रोफेसर. काका स्वभावाने गरीब, पण काकूंना गावातले सगळे टरकून असतात. माझ्या भाकरीला त्यांनी एकदा सगळ्यांदेखत "प्रयत्न चांगला आहे" म्हटलं होतं.

"काकूंना सगळ्यात आधी," मी म्हणाले.

त्याने चमचा खाली ठेवला. मग अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "नाहीतर असं करू या का, तू एक सेमिस्टर ब्रेक घे. मग पुढचं पुढे बघू. उगाच चारचौघांत तमाशा कशाला?"

मी भांडकुदळ आहे, हे माहेरी-सासरी सगळे मान्य करतात. पण तेव्हा मला भांडताही आलं नाही. विद्यार्थी व्हिसावर ब्रेक म्हणजे काय ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी त्याची डिपेंडंट होणार, नोकरी करता येणार नाही, माझे नमुने लॅबच्या फ्रीजरमध्ये आणि मी किचनमध्ये. तिथून परत आलेल्या बायका मी फार पाहिल्या नव्हत्या. लोकांना चार वाक्यं सांगण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटत होतं. मला फार लागलं ते. मी उठले आणि उरलेला भात मुलीला भरवला.

त्या शनिवारी भिशी काकूंकडेच होती. नवरा नेहमी मला सोडून निघून जातो, त्या दिवशी मी त्याला गाडीतून उतरवलं. "वर चल. फेलोशिप तुझी आहे," म्हणाले. तो आला आणि शू-रॅकजवळच उभा राहिला, पळायची वेळ आली तर बूट जवळ असावेत म्हणून.

साबुदाण्याचे वडे चालू होते. मी प्लेट खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. की आम्हाला सरकारी मदत मिळते, फेलोशिप वगैरे काही नाही, आपली भिशी म्हणजे माझी चोरटी कमाई आहे असं ऑफिसला वाटतंय, आणि पत्रं मिळाली नाहीत तर मला पीएचडी सोडावी लागेल.

मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर पहिला प्रश्न आला.

"अगं, पण ग्रीन कार्डचं काय?" एकीने विचारलं.

"लिमिट काय आहे?" दुसरीने विचारलं. हिचा नवरा पोस्टडॉक.

मी सांगितलं. तिने मनात बेरीज केली आणि तिचा चेहरा पडला. "शिट यार. आम्ही थोडक्यात वर आहोत. त्याने उन्हाळ्यात जादा कोर्स शिकवायला घेतलाच नसता तर?" मग बाकीच्याही बेरजेला लागल्या. ज्या गोष्टीची लाज म्हणून माझा नवरा दोन वर्षं खोटं बोलला, ती आपल्याला कशी मिळेल यावर वडे गार होईपर्यंत चर्चा चालली. एकीने तर नवऱ्याला फोन लावून प्रमोशन कधी आहे आणि ते पुढे ढकलता येईल का, हेही विचारून घेतलं. "बेबीसिटिंग" लिहिणारी तेवढी रडकुंडीला आली होती. "अगं, आय वॉज ट्राइंग टु बी फनी," ती सारखी म्हणत होती.

काका किचनमधून चहाचा ट्रे घेऊन आले. शू-रॅकजवळ थांबून त्यांनी माझ्या नवऱ्याला कप दिला. "तरी मी म्हणतोय," ते म्हणाले, "आपल्या डिपार्टमेंटला प्रिंटरचा कागद मिळायची मारामार, चाइल्डकेअर फेलोशिप आली कुठून! विचारणार होतो, पण म्हटलं पोरगं एवढ्या कॉन्फिडन्सने सांगतंय." नवऱ्याचे कान लाल झाले. मला त्याची कीव आली, पण फार नाही.

काकू उठल्या, आतून कोरे कागद आणि पेन घेऊन आल्या आणि डायनिंग टेबलवरच्या चटण्या बाजूला सारल्या.

"ए, बसा इथे सगळ्या. पत्रं लिहिल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझ्या वेळी हे असतं ना, तर माझी मास्टर्स झाली असती आणि यांना स्वयंपाक आला असता."

काका ट्रे घेऊन तिथेच उभे होते. कोणीच हसलं नाही. काकूंनी मास्टर्स अर्धवट सोडली होती हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या घरी जेवत होतो. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पत्रं एकापेक्षा एक होती. काकूंचं पत्र थेट राष्ट्राध्यक्षांना लिहिल्यासारखं. किडनीवालीने लिहिलं, माझ्या दोन्ही किडन्या माझ्याजवळच आहेत आणि व्यवस्थित चालतात. बेबीसिटिंगवालीने गुळाच्या पोळीची कृती अर्ध्यापर्यंत लिहिली होती, ती काकूंनी फाडून पुन्हा लिहायला लावली. सुपारीवालीने आपल्या नवऱ्याचीच सही साक्षीदार म्हणून आणली.

सोमवारी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. बाईंनी सगळी पत्रं सावकाश वाचली. किडनीच्या पत्राशी थांबल्या, चष्मा काढून डोळे पुसले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्यांना हसता येतं. पुढच्या वर्षासाठी आम्ही पात्र होतो. बँक स्टेटमेंट्सचा गठ्ठा उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आम्ही मागू तेवढंच आणा, प्लीज."

घरी आल्यावर तो जमिनीवर बसून फाइल लावायला लागला. मुलगी शेजारी बसून गॅसच्या पुस्तकाची झेरॉक्स चघळत होती. तो खुशीत होता, गुणगुणत होता. सगळं मिटलं होतं त्याच्या मते.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या दिवशी तू मला ब्रेक घे म्हणालास. तो तू स्वतः घ्यावास, असं तुझ्या मनात आलं होतं का? नको वाटलं म्हणून सोडून दिलंस का?"

तो गुणगुणायचा थांबला. मी बघत होते, तो थाप मारायची तयारी करत होता. मग त्याने ती मारली नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

"नाही," तो म्हणाला. "खरं सांगू? डोक्यातच आलं नाही."

त्याने विचार करून नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण डोक्यातच आलं नाही, याच्याशी भांडायचं कसं? काकांच्याही डोक्यात आलं नसणार. काकांइतका गरीब माणूस गावात दुसरा नाही.

मी प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. वर पेन ठेवलं.

"हे काय?"

"आत्ता बोललास ते लिहून दे. तारीख घाल. खाली सही कर."

तो हसला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला. त्याने लिहिलं. अक्षर त्याचं सुंदर आहे. मी कागद एकदा वाचला आणि निळ्या फाइलमध्ये दहावीच्या मार्कशीटच्याही वर लावला. पुढच्या वर्षी कोणी मागणार नाही. तरी मी तो जोडणार आहे.